जमिनीखालचं पाणी कुणाचं? कॅलिफोर्नियाच्या कायद्याची गोष्ट

आज एका फोटोपासून सुरुवात करते. रेडिओवर फोटो दाखवता येत नाही, म्हणून तो शब्दांतच डोळ्यांपुढे आणा.

एक विजेचा खांब आहे. खांबाच्या पायथ्याशी एक माणूस उभा आहे. त्याचं नाव जोसेफ पोलंड. अमेरिकेच्या सरकारी भूगर्भ खात्यातले ते शास्त्रज्ञ. खांबावर तीन पाट्या ठोकल्या आहेत. माणसाच्या पायाजवळच्या पाटीवर लिहिलंय १९७७. बरीच वर, डोक्याच्याही पुष्कळ वर, दुसरी पाटी आहे १९५५ ची. आणि पार शेंड्याकडे तिसरी, १९२५ ची. या पाट्या काय सांगतात? १९२५ मध्ये जमीन त्या शेंड्यावरच्या पाटीपाशी होती! पन्नास वर्षांत जमीनच सुमारे ९ मीटर खाली गेली. आपल्या तीन मजली घराएवढी. भूकंप नाही, खाण नाही. नुसतं विहिरींतून पाणी उपसल्यामुळे.

ही जागा आहे अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात, सॅन वाकीन नावाच्या खोऱ्यात, मेंडोटा गावाजवळ. तुम्ही म्हणाल, एवढ्या लांबची गोष्ट आपल्याला कशाला? तर आपल्याकडे बाळंतिणीच्या लाडवांत, परीक्षेला निघालेल्या लेकराच्या मुठीत जे बदाम असतात, ते बहुतेक तिथलेच. जगातल्या दर पाच बदामांतले चार कॅलिफोर्नियात पिकतात आणि अलीकडच्या वर्षांत तिथून सर्वांत जास्त बदाम विकत घेणारा देश आपलाच आहे. बदामाला पाणी भरपूर लागतं. म्हणजे आपण तिथलं पाणी थोडंथोडं इथे खातोच आहोत.

आता जमीन खाली का जाते, ते आधी समजून घेऊ, कारण पुढचा सगळा कायदा त्यावर उभा आहे. त्या खोऱ्याखाली वाळूचे आणि बारीक चिकणमातीचे थर एकावर एक आहेत. चिकणमातीचे कण चपटे असतात. पंगत उठल्यावर कोपऱ्यात कशाही टाकलेल्या पत्रावळी आठवा. त्यांच्यामध्ये पोकळ्या असतात, आणि तिथे त्या पोकळ्यांत पाणी असतं. पाणी काढलं की वरच्या वजनाने पत्रावळी चेपून सपाट बसतात. नंतर कितीही पाऊस पडो, त्या पुन्हा फुलत नाहीत. म्हणजे पाणी तर गेलंच, पण पाणी साठवायची जागासुद्धा कायमची गेली. आपल्याकडे महाराष्ट्राच्या बहुतेक भागात खाली काळा कातळ आहे. पाणी मुरुमात आणि कातळाच्या भेगांत असतं. म्हणून आपली जमीन अशी खचत नाही. आपल्या विहिरी नुसत्या कोरड्या पडतात, आणि एका चांगल्या पावसाळ्यात भरतातही. आपल्याला तेवढं तरी नशीब आहे.

मग कायदा काय करत होता? ते कळायला शंभर-दीडशे वर्षं मागे जावं लागेल.

कॅलिफोर्नियाने सुरुवातीला इंग्लंडचा जुना नियम उचलला होता. जमीन ज्याची, तिच्याखालचं पाणी त्याचं. इंग्रजांनी हाच नियम आपल्याकडेही आणला. १८८२ चा भारतीय सुविधाधिकार कायदा असं म्हणतो की आपल्या हद्दीत जमिनीखाली जे पाणी आहे ते गोळा करायचा आणि वापरायचा हक्क जमीनमालकाचा. वाहत्या ओढ्याचं तसं नाही, पण झिरपणाऱ्या पाण्याचं तसं आहे. पाणी काही सातबारा बघून झिरपत नाही, हे लंडनच्या पावसात बसून नियम करणाऱ्यांना कदाचित जाणवलं नसावं.

कॅलिफोर्नियात मात्र हे लवकर अंगावर आलं. सॅन बर्नार्डिनो भागात काही लोकांच्या विहिरींचं पाणी आपोआप वर यायचं. घरासाठी आणि बागांसाठी ते ते वापरायचे. शेजारच्या माणसाने आपल्या जमिनीत विहिरी खणल्या आणि पाणी दूर नेऊन विकायला लागला. यांचं पाणी आटलं. खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९०३ मध्ये निकाल लागला. न्यायालयाने म्हटलं की पावसाच्या देशातला नियम या कोरड्या मुलखात चालणार नाही. एकाच साठ्यावर ज्यांच्या जमिनी आहेत, त्या सगळ्यांचा त्यावर बरोबरीचा हक्क आहे. टंचाई आली तर प्रत्येकाने आपला रास्त वाटा घ्यायचा, सगळं ओढायचं नाही.

निकाल चांगला होता. पण तो बजावणार कोण? तुमचा वाटा शेजारी ओढतो असं वाटलं तर तुम्ही कोर्टात जायचं, साठ्यावरच्या सगळ्यांना पक्षकार करायचं, आणि वर्षानुवर्षं वकिलाची फी भरायची. ते कुणाला परवडतं हे सांगायला नको.

१९१४ मध्ये कॅलिफोर्नियाने पाण्याचा मोठा कायदा लागू केला. नदीचं, ओढ्याचं पाणी घ्यायचं तर सरकारचा परवाना हवा. पण जमिनीत झिरपणारं पाणी त्यातून वगळलं. नदीतून एक पाट काढायला परवाना आणि नदीकाठी बोअर मारून तेच पाणी ओढायला मात्र मोकळं रान! ही वगळलेली ओळ शंभर वर्षं तशीच राहिली. अगदी बरोबर शंभर.

त्या शंभर वर्षांत काय काय झालं बघा. वीज आली, खोल विहिरीतून उपसा करणारे पंप आले. त्याच खोऱ्यात तुलेरी नावाचं प्रचंड सरोवर होतं. योकट्स आदिवासी त्याच्या काठी पिढ्यानपिढ्या मासे धरत, लव्हाळ्याच्या होड्या करत. त्याला मिळणाऱ्या नद्या शेतीसाठी वळवल्या आणि सरोवराच्या तळात कापूस लावला. (२०२३ च्या पुरात ते सरोवर पुन्हा उगवलं आणि शेतं, रस्ते पाण्याखाली गेले, पण ते एक वेगळंच प्रकरण आहे.) जमीन खचायला लागली तसं सरकारने लांबून मोठे कालवे आणले. कालव्याचं पाणी आलं की उपसा कमी होईल आणि जमीन थांबेल, असा हिशेब होता. काही वर्षं थांबलीही. पण पाणी आलं म्हणून शेती वाढली. आणि पुढे कापूस, भाजीपाला जाऊन बदाम आणि पिस्ते आले. कापूस एखाद्या दुष्काळात नाही लावला तरी चालतो. बदामाच्या झाडाला एक वर्ष उपाशी ठेवता येत नाही. म्हणजे दुष्काळात कालवा आटला की शेतकरी पुन्हा बोअरकडे वळणार, हे ठरलेलंच. मला विचाराल तर सगळ्या गोष्टीतली खरी मेख इथे आहे. पाणी कमी असताना कमी करता येणार नाही अशी शेती एकदा उभी राहिली, की कुठलाही कायदा उशिराचाच ठरतो.

१९७६-७७ चा दुष्काळ पडल्यावर राज्यपाल जेरी ब्राऊन यांनी पाण्याच्या हक्कांवर एक आयोग नेमला. आयोगाने सांगितलं की भूजलावर नियंत्रण आणा. विधिमंडळाने ते बाजूला ठेवलं. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या बाकीच्या राज्यांनी काही ना काही कायदे केले, कॅलिफोर्निया मागे राहिली. तिथे तर कुणाची विहीर किती खोल, कुठल्या थरातून पाणी येतं, याची सरकारदरबारी नोंदलेली माहितीसुद्धा लोकांना बघता येत नव्हती. १९५१ पासून ती गोपनीय होती. २०१५ मध्ये ती खुली झाली.

मग आला २०१२ ते २०१६ चा दुष्काळ. ब्राऊन तेव्हा पुन्हा राज्यपाल होते. जानेवारी २०१४ मध्ये त्यांनी आणीबाणी जाहीर केली. कालव्यांना पाणी नाही, म्हणून मोठ्या शेतांनी हजार-दीड हजार फुटांच्या बोअर मारायला सुरुवात केली. ईस्ट पोर्टरव्हिल नावाची सात हजारांच्या आसपास लोकांची एक वस्ती आहे. बहुतेक शेतमजूर, मेक्सिकोतून आलेली कुटुंबं. शहराच्या हद्दीबाहेर, म्हणून नळ नाही. प्रत्येकाच्या अंगणात उथळ विहीर. २०१४ च्या उन्हाळ्यात त्या एकामागून एक आटल्या.

अमेरिकेत, मैत्रिणींनो! बायका शेजारणीच्या घरून पाइप ओढून पाणी घेत होत्या. भांडी घासलेलं पाणी संडासात टाकत होत्या. मुलांना अंघोळीसाठी चर्चच्या आवारात उभ्या केलेल्या फिरत्या न्हाणीघरांत नेत होत्या. कुणी लवकर बोललंही नाही. घरात पाणी नाही हे कळलं तर सरकार मुलं काढून नेईल, घरमालक बाहेर काढेल, अशी भीती होती. त्याच वस्तीतल्या एका वयस्कर बाईने आपल्या गाडीत पाण्याच्या बाटल्या भरून घरोघर वाटायला सुरुवात केली आणि दारोदार फिरून कुणाकुणाची विहीर आटली याची यादी केली. कितीतरी कुटुंबांची पहिली नोंद अशी झाली. नंतर अंगणात मोठ्या टाक्या बसल्या, टँकर आले, आणि पुढच्या तीन-चार वर्षांत सातशेहून जास्त घरांना शहराच्या नळाला जोडलं गेलं.

विधिमंडळात हा विषय धरून ठेवला तो सिनेटर फ्रान पॅव्हली यांनी. या बाई आधी शाळेत शिक्षिका होत्या, मग आपल्या छोट्या शहराच्या पहिल्या महापौर झाल्या आणि तिथून विधिमंडळात गेल्या. त्यांच्यासोबत रॉजर डिकिन्सन नावाचे आमदार होते. दोघांची मिळून तीन विधेयकं. शेतकऱ्यांच्या मोठ्या संघटनेचा विरोध होता, सॅन वाकीन खोऱ्यातल्या बहुतेक आमदारांचाही. तरी ती मंजूर झाली. १६ सप्टेंबर २०१४ रोजी ब्राऊन यांची सही झाली आणि १ जानेवारी २०१५ पासून शाश्वत भूजल व्यवस्थापन कायदा लागू झाला.

कायद्याची गंमत अशी की सरकारने लगाम स्वतःच्या हातात घेतला नाही. एवढ्या विरोधात तो घेताच आला नसता. भूजलाचा कारभार स्थानिक पातळीवरच नीट होतो, ही या कायद्याची मध्यवर्ती भूमिका. ज्या साठ्यांवर जास्त लोक आणि जास्त शेती, तिथल्या स्थानिक संस्थांनी, म्हणजे नगरपालिका, जिल्हा, पाटबंधाऱ्याच्या संस्था यांनी, मिळून ३० जून २०१७ पर्यंत भूजल संस्था स्थापन करायची. अशा अडीचशेहून जास्त संस्था झाल्या. ज्या २१ साठ्यांची अवस्था सर्वांत वाईट, त्यांनी २०२० च्या जानेवारीपर्यंत आराखडा द्यायचा, बाकीच्यांनी २०२२ पर्यंत. आणि आराखड्यापासून २० वर्षांत साठा तोलावर आणायचा. जेवढं मुरेल तेवढंच काढायचं.

तोल म्हणजे काय, हेही कायद्याने सहा गोष्टींत सांगितलं. पातळी सतत खाली जाता कामा नये, साठा घटता कामा नये, समुद्राचं खारं पाणी आत शिरता कामा नये, पाण्याची प्रत बिघडता कामा नये, जमीन खचता कामा नये, आणि नदी-ओढ्यांचं पाणी ओढलं जाता कामा नये. यासाठी भूजल संस्थेला विहिरींची नोंद करायचा, मीटर बसवायचा, उपशावर मर्यादा घालायचा, शुल्क घ्यायचा अधिकार मिळाला. घरगुती विहिरीला मीटरमधून सूट आहे. वर्षाला दोन एकर-फुटांपर्यंत. एक एकर रानात फूटभर पाणी उभं केलं तर ते एक एकर-फूट, साधारण १२ लाख ३० हजार लिटर. आणि संस्थांनी जमलं नाही तर? तर राज्याचं जल मंडळ येऊन कारभार हातात घेणार. म्हणजे घर तुम्ही सांभाळा, नाही सांभाळलंत तर सासूबाई येतील!

आता स्थानिक म्हणजे कोण? कायद्यात लिहिलंय की घरगुती विहिरीवाले, गरीब वस्त्या, सगळ्यांचं हित लक्षात घ्या. पण अनेक संस्थांत खुर्च्यांवर बसले ते पाटबंधारे संस्थांचे लोक, आणि त्या संस्थांतल्या काहींत मत माणशी नसतं, जमिनीवर असतं. ज्याची जमीन जास्त त्याची मतं जास्त. ज्या बाईची फक्त अंगणातली विहीर आहे, तिला तिथे कोण विचारणार? बैठका कामाच्या वेळी, इंग्रजीत, आणि कागद शेकडो पानांचे. व्हिसेलिया गावात सुसाना दे आंदा आणि लॉरेल फायरस्टोन या दोघींनी २००६ मध्ये कम्युनिटी वॉटर सेंटर नावाची संस्था काढली होती. अशा संस्थांनी वस्त्यांतल्या बायकांना घेऊन त्या बैठकांना जायला सुरुवात केली. पुढे २०१९ मध्ये लॉरेल फायरस्टोन यांची राज्याच्या जल मंडळावरच नेमणूक झाली. त्याच वर्षी स्वच्छ पाण्यासाठी दरवर्षी १३ कोटी डॉलर बाजूला ठेवायचा कायदाही झाला.

पहिले आराखडे आले तेव्हा जाणकारांनी एक गोष्ट पकडली. प्रत्येक संस्थेने, पाणी याच्या खाली जाऊ देणार नाही, अशी एक रेषा ठरवायची होती. बऱ्याच ठिकाणी ती रेषा इतकी खाली आखली होती की तिथवर पाणी पोचेपर्यंत हजारो घरगुती विहिरी आटल्या असत्या. कागदावर आराखडा पूर्ण, आणि शाश्वतता कुणाची? खोल बोअरची. मार्च २०२३ मध्ये राज्याच्या जलसंपदा खात्याने सॅन वाकीन खोऱ्यातल्या सहा साठ्यांचे आराखडे अपुरे ठरवले. एप्रिल २०२४ मध्ये राज्याच्या जल मंडळाने पहिल्यांदाच एका साठ्याला देखरेखीखाली टाकलं. तो होता तुलेरी सरोवराचा, तोच. शेतकरी संघटना कोर्टात गेली आणि तिथे अंमलबजावणी काही काळ अडकली. सप्टेंबरमध्ये शेजारच्या टूली साठ्याचीही तीच गत झाली.

त्या भागात जमीन एवढी खचली की फ्रायंट-केर्न नावाच्या मोठ्या कालव्याचा उतारच बिघडला. मधल्या पट्ट्यात त्याची पाणी नेण्याची ताकद निम्म्याहून जास्त घटली. खाली पाणी उपसून वरचा कालवा मोडला, आणि तो दुरुस्त करायला कोट्यवधी डॉलर लागले. आणि या कालव्याच्या काठालाच, कुंपणापलीकडे, टूलव्हिल नावाची ऐंशीच्या आसपास घरांची वस्ती आहे. तिथल्या विहिरीच्या पाण्यात घातक क्रोमियम. डोळ्यांदेखत कालवा भरून वाहतो, पण तो शेतांचा. जवळच्या एक्झिटर शहराने आपल्या नळाला जोडून घ्यावं म्हणून ही वस्ती वीस वर्षं मागे लागली होती. २०२१ मध्ये विहिरींनी दगा दिला, राज्याने दबाव टाकला, कायदाही कडक केला, तेव्हा कुठे शहर तयार झालं.

आता आपल्याकडे येते. योगायोग असा की आपला महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम १ जून २०१४ पासून लागू झाला, कॅलिफोर्नियाच्या सहीच्या साडेतीन महिने आधी. त्याच्याही आधी १९९३ चा कायदा होता. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर खणायची नाही, हा नियम तेव्हापासूनचा. नव्या कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधनं आहेत, विहिरींची नोंदणी आहे आणि पाणलोटाची समिती आहे. २०१८ मध्ये त्याच्या नियमांचा मसुदा लोकांपुढे आला, तेव्हा हरकती-सूचना मागवल्या होत्या. तुमच्यापैकी कितीजणींच्या कानावर ते आलं होतं? तिथल्या आणि इथल्या कायद्यात मला एक फरक मोठा वाटतो. तिथे तारीख आहे. २०४० पर्यंत तोल साधायचा, आणि नाही साधला तर वरून कोण येणार, हेही लिहिलंय. आपल्याकडे बंधनं पुष्कळ आहेत, अशी तारीख नाही. उलट आपल्याकडे ग्रामसभा आहे, आणि तिथे बाईचं मत जमिनीवर मोजत नाहीत. ते त्या ईस्ट पोर्टरव्हिलच्या बाईकडे नव्हतं.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे आहे, जी फार कमीजणींना माहीत असते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या राज्यभर निरीक्षण विहिरी आहेत. वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये, त्यांची पाणीपातळी मोजतात. तुमच्या गावातली किंवा जवळच्या गावातली अशी विहीर कोणती, ते ग्रामपंचायतीत विचारा. गेल्या पाच वर्षांचे मे महिन्याचे आकडे ग्रामसभेत मागा, लिहून घ्या, आणि बचत गटाच्या वहीत उतरवा. ज्या गटांकडे आकडे जमतील त्यांनी ते आमच्या केंद्राकडे पाठवा. पुढच्या महिन्याच्या कार्यक्रमात गावाच्या नावासह वाचून दाखवू.